दहावी दिल्ली, बारावी नोएडा

लहान मुलाचं रक्त काढायचं असलं की आमच्या लॅबमध्ये सगळे मीनाक्षीला हाक मारत. सहा महिन्यांचं बाळ असो की तापाने फणफणलेली चार वर्षांची मुलगी, ती आधी स्वतःचे तळहात एकमेकांवर चोळून गरम करायची, मग पोराच्या हातावर बोट टेकवून नुसती बसायची. आईला सांगायची, "आप इससे बात करती रहो, मेरी तरफ मत देखो." शीर डोळ्यांनी नाही, बोटाने शोधायची असते, हे मला तिने शिकवलं. खरं तर मी तिच्याहून नऊ वर्षांनी सीनियर.

मी वीणा. हिंदूरावच्या टेकडीवरच्या म्युनिसिपल हॉस्पिटलात आम्ही दोघी सतरा वर्षं शेजारी-शेजारी बसून सुया टोचत होतो. अख्ख्या लॅबमध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळे कुणाबद्दलही काहीही मोठ्याने बोलायची सोय होती. तिचं माहेर ग्वाल्हेरचं, पण जन्म दिल्लीतला. सासरे मिरजेचे. सरकारी नोकरीसाठी एकोणीसशे अडुसष्ट साली दिल्लीत आले ते इथलेच झाले. करोल बागेत तिसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर, दोन खोल्या आणि वर गच्ची. तिचा नवरा पद्माकर त्याच घरात जन्मला, आणि मुलगी अबोलीही.

अबोलीच्या नावावरून शाळेत दरवर्षी नवीन बाई विचारायच्या, "मतलब, जो बोलती नहीं?" ती सांगायची, "नहीं मॅम, फूल है." मग घरी येऊन आईवर चिडायची, की साधं रिया-बिया का नाही ठेवलंस. मुलगी हुशार होती, पण चमकणारी नाही. एकदा हातात घेतलेलं पुस्तक संपेपर्यंत न उठणारी होती. सुट्टीत कधी आईबरोबर लॅबमध्ये यायची आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायची. सातवीत असताना तिने मला विचारलं होतं, "वीणामावशी, आजार दिसतो पण बरा होताना दिसतो का?" मी म्हटलं, दुसऱ्या दिवशीचं सॅम्पल बघायचं. ती खरंच दुसऱ्या दिवशी आली.

दहावीच्या वर्षी जानेवारीत सासऱ्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. अण्णासाहेब एरवी काठीसारखे ताठ, मंडईतून दोन पिशव्या घेऊन तीन जिने चढणारे. आता त्यांना फिजिओथेरपीला न्यायचं तर चार माणसांनी खुर्चीसकट उचलावं लागे. पद्माकर ज्या छपाईच्या कारखान्यात सुपरवायझर होता तो तीन वर्षांपूर्वीच यमुनेपलीकडे, यूपीतल्या नोएडाला हलला होता, तो तसाही रोज तिकडेच जात होता. तेव्हा अबोलीची परीक्षा संपल्या-संपल्या एप्रिलमध्ये त्यांनी नोएडातल्या एका सेक्टरमध्ये फ्लॅट भाड्याने घेतला. पाचवा मजला, पण लिफ्ट होती, आणि अण्णासाहेबांची व्हीलचेअर त्या लिफ्टमध्ये मावत होती. घर ठरवताना मीनाक्षी टेप घेऊन गेली होती, लिफ्टचं दार मोजायला.

अबोली शाळा सोडायला तयार नव्हती. अकरावीला तिने जुन्याच शाळेत सायन्स घेतलं. पहाटे साडेपाचला घरातून निघायचं, मेट्रोने करोल बाग, मग चालत. परत येईपर्यंत साडेतीन, त्यानंतर क्लास. जुलैमध्ये तिला टायफॉइड झाला. पंचवीस दिवस अंथरुणात होती. वजन सात किलोने उतरलं. उठली तेव्हा मेट्रोत दांडा धरून उभं राहिलं की तिचे पाय लटपटायचे. एकदा यमुना बँक स्टेशनवर चक्कर येऊन पडली, एका अनोळखी बाईने आईला फोन केला.

त्या दिवशी मीनाक्षी माझ्या शेजारी बसून होती, हातात कुणाचं तरी सॅम्पल. फोन ठेवला आणि म्हणाली, "वीणाताई, बस झालं. घराजवळच्या शाळेत घालते तिला. दहा मिनिटांवर आहे."

मी म्हटलं, "बरोबर आहे. पोर आधी, शाळा नंतर."

हे मी म्हटलं होतं. माझ्या ते पक्कं लक्षात आहे.

ऑगस्टमध्ये जुन्या शाळेतून टीसी निघाली. तिथल्या क्लार्कने सही घेताना एवढंच म्हटलं, की अच्छी बच्ची थी, हमें दुख है. नोएडाच्या शाळेने दोन दिवसांत प्रवेश दिला. अबोली आठवडाभर फुगून बसली, मग तिथे तिला बायोलॉजीच्या एक चांगल्या बाई मिळाल्या आणि ती रमली. वजन परत आलं. अण्णासाहेब व्हीलचेअरवरून खाली बागेत जाऊ लागले. मीनाक्षीचा प्रवास मात्र वाढला, राजीव चौकाला गाडी बदलून सिव्हिल लाइन्स, तिथून ई-रिक्षा. पण ती म्हणायची, मला काय, मला बसायला मिळतं.

दोन वर्षांनी जूनमध्ये नीटचा, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला. सकाळपासून वेबसाइट उघडत नव्हती. दुपारी मीनाक्षीचा फोन आला, मला आधी वाटलं अण्णासाहेबांचं काही झालं, इतकी ती रडत होती. मार्क चांगले आले होते. देशात पहिल्या पाच-पन्नासांत येण्यासारखे नव्हेत, पण लाखो मुलांना जे मिळत नाहीत असे. दुसऱ्या दिवशी तिने लॅबमध्ये मिल्क केकचे दोन डबे आणले. तंत्रज्ञ, सफाईवाले, अगदी रांगेत उभ्या असलेल्या पेशंटांनाही दिला. उपाशी पोटी रक्त द्यायला आलेल्या एका सरदारजींना दिला आणि मग स्वतःच ओरडली, "नहीं नहीं, आप मत खाइए!"

डबा फिरत फिरत देविकापर्यंत गेला. देविका म्हणजे आमच्याकडची इंटर्न, पुण्याची मुलगी, ऑल इंडिया कोट्यातून दिल्लीत आलेली. तिला मराठी बोलायला मिळालं की बरं वाटायचं, म्हणून ती दुपारी आमच्यात येऊन बसायची. तिने मार्क विचारले, ऑल इंडिया रँक विचारला. थोडा विचार केला.

"मावशी, ऑल इंडियात जरा बॉर्डरवर आहे. पंधराच टक्के सीट असतात ना तिथे. पण बाकीच्या पंच्याऐंशी टक्के स्टेटच्या असतात. तिचं स्टेट कुठलं?"

"दिल्ली," मीनाक्षी म्हणाली. "जन्मापासून."

"मग शेवटच्या राउंडपर्यंत चान्स आहे. अकरावी-बारावी दिल्लीतून झाली ना?"

मीनाक्षी म्हणाली, "बारावी नोएडातून. म्हणजे अकरावीच्या ऑगस्टपासून. दहावीपर्यंत सगळं दिल्ली. का?"

देविकाने हातातला तुकडा परत डब्याच्या झाकणावर ठेवला. "अकरावी आणि बारावी, दोन्ही दिल्लीतल्या शाळेतून लागतात, मावशी. एकदा ब्रोशर बघा. मी चुकत असेन."

ती चुकत नव्हती. त्याच दुपारी मी आणि मीनाक्षीने तिच्या मोबाइलवर ते माहितीपत्रक उघडलं. इंग्रजीत, शंभरच्या वर पानं. वय सतरा वर्षं पूर्ण, बरोबर. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी, बरोबर. पन्नास टक्के, त्याच्या किती तरी वर. मीनाक्षी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचत होती. दिल्लीच्या कोट्याची ओळ आली तेव्हा तिचं बोट थांबलं. तिथे जन्माचं काही नव्हतं, रेशन कार्डाचं नव्हतं, आईची म्युनिसिपल नोकरी किंवा आजोबांची सरकारी नोकरीतली अडतीस वर्षं हेही नव्हतं. शाळा होती, आणि ती कुठे असायला हवी ते होतं. बस.

तिने दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि ॲडमिशनच्या हेल्प डेस्कवर गेली. मी बरोबर गेले. तिथे चाळिशीतला एक मनुष्य बसला होता, चांगला होता बिचारा. त्याने दोन्ही मार्कशीट पाहिल्या, टीसी पाहिली, उलटी करून पाहिली.

"मॅडम, बच्ची तो दिल्ली की ही है, मैं मानता हूँ. पर नियम स्कूल का है."

मीनाक्षीने टायफॉइडचे रिपोर्ट आणले होते. आमच्याच लॅबचे, तिच्याच सहीचे. तिने ते टेबलावर पसरले. "बीमार थी. इसलिए बदला. चार महीने यहीं पढ़ी है ग्यारहवीं में, देखिए."

"इसका मैं क्या करूँ, बताइए? कंप्यूटर में खाना ही नहीं है इसका." त्याने स्क्रीन वळवून आम्हाला दाखवली. खरंच रकाना नव्हता. मग त्याने पाण्याची बाटली पुढे केली आणि हळू आवाजात म्हणाला, "मेरी अपनी भांजी गाजियाबाद की है. उसका भी नहीं हुआ था. आप यूपी में देखिए ना, बारहवीं तो वहीं की है."

बाहेर आल्यावर मीनाक्षी म्हणाली, "तो ओरडला असता तर बरं झालं असतं गं." मला तेव्हा ते कळलं नाही.

यूपीच्या नियमात दहावी आणि बारावी दोन्ही यूपीतली हवी होती. दहावी दिल्लीची. पण तिथे एक दुसरी वाट होती, यूपीचा रहिवासी दाखला असला तर दहावी बाहेरची चालत होती. पद्माकरने ऑनलाइन अर्ज भरला, भाडेकरार जोडला, वीजबिल जोडलं, आधारवरचा पत्ता तर बदललेलाच होता. आठ दिवसांनी अर्ज नामंजूर. कारण हिंदीत दोन शब्दांत, "अवधि अपूर्ण." मग दोघं तहसीलच्या कचेरीत गेले. सूरजपूरच्या त्या रस्त्यावर जूनच्या उन्हात डांबर चपलांना चिकटत होतं. आतल्या बाबूने समजावून सांगितलं, सलग तीन वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. करार एप्रिलचा. दोन वर्षं आणि तीन महिने होतायत.

"नौ महीने बाद आइए, हाथों-हाथ बनवा दूँगा," तो म्हणाला. मनापासून म्हणाला.

"नौ महीने बाद तो ॲडमिशन खत्म हो जाएगा," पद्माकर म्हणाला.

"वो तो है."

त्या रात्री मीनाक्षीने मला फोनवर हिशेब मांडून दाखवला, किती तरी वेळ तेच तेच. एक वर्ष आधी गेलो असतो तर दहावी नोएडाची झाली असती, यूपी मिळालं असतं. दोन वर्षं उशिरा गेलो असतो तर दिल्ली मिळाली असती. अण्णांना झटका कधी यावा हे आपल्या हातात होतं का? नव्हतं. पण शाळा? शाळा तर मी बदलली. पद्माकर म्हणत होता, काढू वर्षभर, पोरगी सवय करून घेईल. मीच नाही म्हटलं.

मी म्हटलं, "पोर स्टेशनवर पडली होती, मीनाक्षी."

"हो," ती म्हणाली. "एकदाच पडली होती."

महाराष्ट्र उरला होता. पद्माकरचा चुलतभाऊ सुधाकर मिरजेत असतो, त्याच्या मुलाने आदल्याच वर्षी हे सगळं केलं होतं. स्पीकरवर फोन लावला. घरात सगळे बसले होते, अण्णासाहेब पलंगावर, अबोली दाराशी.

सुधाकर म्हणाला, "वहिनी, अधिवास दाखला लागतो. आणि दहावी-बारावी दोन्ही इथल्याच. केंद्र सरकारच्या नोकरांच्या मुलांना काही सवलत आहे म्हणतात, पण ते इथून बदलीवर बाहेर गेलेल्यांसाठी. पद्माकरदादा तर तिकडेच जन्मलेला."

"अधिवास म्हणजे?" अबोलीने विचारलं.

"म्हणजे आपण कुठले ते," पद्माकर म्हणाला.

"मग ते लिहून देऊ ना, बाबा. त्यात काय एवढं?"

सुधाकर तिकडे ओशाळून हसला. म्हणाला, "राग मानू नका वहिनी, पण इथे आधीच ओरड आहे. बाहेरचे येऊन सीटा नेतात म्हणतात." मग घाईने म्हणाला, "तुम्हाला नाही म्हणत मी."

फोन ठेवल्यावर अण्णासाहेब काहीतरी बोलायला लागले. झटक्यानंतर त्यांचे शब्द एकमेकांत अडकायचे, घाई झाली की जास्तच. डाव्या हाताने ते कपाटाकडे दाखवत होते. "मि... मिर... दाखला." अबोलीला त्यांचं बोलणं सगळ्यांत आधी कळायचं. तिने कपाटातून त्यांची पत्र्याची पेटी काढली. तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत, त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला होता. घडीवर फाटलेला, मागून कापडी पट्टी लावलेला. जन्मस्थळ: मिरज. त्यांनी तो डाव्या हाताने मीनाक्षीपुढे धरला.

"हा... दे. चालेल."

मीनाक्षीने तो घेतला. काय करणार? म्हणाली, "हो अण्णा, देते."

ते उशीला टेकले. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा समाधानी दिसला. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, दिला का? तिने सांगितलं, दिला. तिसऱ्या दिवशीही विचारलं. मला हे सांगताना मीनाक्षी हातमोजे घालत होती, घालता घालता थांबली. म्हणाली, "आजवर त्यांच्याशी मी खोटं बोलले नव्हते. भाजीच्या भावापर्यंत नाही."

तहसीलच्या फाटकाबाहेर झाडाखाली टायपिस्ट बसतात, अर्ज लिहून देणारे. पद्माकर तिसऱ्यांदा तिथे गेला तेव्हा त्यातल्या एकाने त्याला बाजूला घेतलं. तीन वर्षांपूर्वीच्या तारखेचा भाडेकरार तयार करून मिळेल, साक्षीदारांसह. "सब करवाते हैं, साहब. बच्ची का साल बचाइए." पद्माकर घरी येऊन हे बोलला आणि मान खाली घालून बसला. तो सरळ माणूस. कारखान्यात वाया गेलेल्या कागदाच्या मागच्या बाजूवरही मुलीला लिहायला द्यायचा नाही, म्हणायचा तो कंपनीचा आहे.

मीनाक्षी म्हणाली, "करू या."

त्याने वर बघितलं.

"करू या, पद्माकर. बिघडवलं मी आहे, तर दुरुस्त पण मी करते. सही माझी राहील."

मला तिने हे दोन दिवसांनी सांगितलं. तोवर तिने त्या माणसाला फोन करून वेळसुद्धा ठरवली होती. शनिवारी सकाळी निघायच्या वेळी अबोली समोर आली. तिने ते शपथपत्र वाचलं होतं, माहितीपत्रकाच्या शेवटी दिलेलं. माहिती खोटी निघाल्यास प्रवेश कधीही रद्द.

"आई, मला तिसऱ्या वर्षी काढून टाकलं तर?"

"कोण बघतंय एवढं?"

"मी रोज बघत बसेन ना. रोज वाटेल, आज बोलावतील."

मीनाक्षी चिडली. आयुष्यात पहिल्यांदा मुलीवर ओरडली, की तुला डॉक्टर व्हायचंय की नाही? अबोली रडली नाही. म्हणाली, "व्हायचंय. पण यार आई, अशी घाबरून नाही होणार मला." आणि खोलीत गेली. मीनाक्षी चप्पल घालून दाराशी तशीच उभी राहिली. पद्माकरने हळूच तिच्या हातातून पिशवी काढून घेतली.

ऑल इंडियाच्या फेऱ्या झाल्या. पहिली, दुसरी, तिसरी. प्रत्येक यादी आली की मीनाक्षी लॅबच्या मागच्या जिन्यात जाऊन मोबाइल बघायची. तिसऱ्या फेरीला यादी जिथे थांबली तिथून अबोलीचा नंबर फार लांब नव्हता. उरलेल्या जागांची शेवटची फेरी झाली तेव्हाही नाहीच. खासगी कॉलेजच्या फीचा आकडा पद्माकरने एकदा कागदावर लिहिला, आणि कागद उलटा ठेवला. तो विषय तिथेच संपला.

त्या दिवसांत मी तिला म्हटलं, कोर्टात जा, काहीतरी कर, भांड कुणाशी तरी. ती म्हणाली, "कुणाशी भांडू? तो हेल्प डेस्कवाला? त्याने पाणी दिलं. तहसीलवाला म्हणतो नऊ महिन्यांनी या. सुधाकरभावोजी रोज फोन करतात. नियम पण वाईट नाही ताई, मी नीट वाचला. दिल्लीतल्या मुलांसाठी दिल्लीच्या जागा. मलाही वाटलं असतं, असाच असावा. फक्त माझी मुलगी त्यात नाही." तेव्हा मला कळलं, तो माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं असं ती का म्हणाली होती.

अबोलीने एक वर्ष घ्यायचं ठरवलं. नऊ महिन्यांनी दाखला मिळणार होता, मग वाट सोपी होती. परत परीक्षा द्यायची, तेवढेच मार्क आणायचे. तेवढेच, जास्त नकोत. आम्ही सगळे तिला हेच सांगत होतो, आणि आता वाटतं की त्यानेच घात केला असेल. ती घरीच अभ्यास करायची. मैत्रिणी कॉलेजात गेल्या, त्यांचे पांढऱ्या कोटातले फोटो फोनवर यायचे. तिने फोन आईकडे देऊन टाकला. नोव्हेंबरात धुक्या-धुराने खिडक्या बंद असायच्या, एअर प्युरिफायर अण्णासाहेबांच्या खोलीत, आणि ही शेजारच्या खोलीत स्कार्फ बांधून प्रश्न सोडवायची. मीनाक्षी कामावरून आली की चप्पल काढायच्या आधी दाराच्या फटीतून बघायची, दिवा चालू आहे ना. एकदा अबोली आतूनच म्हणाली, "आई, मी आहे. बघत नको जाऊस."

एप्रिलमध्ये तीन वर्षं पूर्ण झाली. दाखला खरोखर चार दिवसांत आला. बाबूने शब्द पाळला. हिरवट कागद, कोपऱ्यात चौकोनी ठिपक्यांचा कोड. पद्माकरने तो लॅमिनेट करून आणला.

मे महिन्यात परीक्षा झाली. फिजिक्सच्या तिसऱ्या प्रश्नावर ती अडली आणि तिथून पुढे प्रत्येक उत्तर दोन-दोनदा तपासायला लागली, असं तिने नंतर सांगितलं. उत्तरं येत होती, गोल भरायला वेळ लागत होता. एक्केचाळीस मार्क कमी आले. त्या वर्षी यूपीची यादी तिच्या कितीतरी वर बंद झाली. मार्क होते तेव्हा दाखला नव्हता, दाखला आला तेव्हा मार्क नव्हते. मागच्या वर्षीचे मार्क या वर्षी चालतील का, असं अण्णासाहेबांनी विचारलं म्हणे, तुटक तुटक शब्दांत. अबोली त्यांच्याजवळ बसून त्यांची बोटं दाबत होती, रोजच्या व्यायामासारखी. म्हणाली, "नाही चालत, आजोबा. दर वर्षी नवीन लागतात."

तिसऱ्यांदा बसायला ती तयार झाली नाही. मीनाक्षीने विनवलं, पद्माकरने नाही. तो म्हणाला, पोरीला आता सोड. दोघा नवरा-बायकोत या एका गोष्टीवरून बरेच दिवस अबोला होता. त्याच सुमारास मी रिटायर झाले. निरोपाच्या दिवशी मीनाक्षी एका बाईच्या मुलीचं रक्त काढत होती. मुलगी शाळेच्या गणवेशात, दहावी-अकरावीतली. सुई आत असतानाच तिने त्या बाईला विचारलं, "ग्यारहवीं कहाँ से कराओगी? घर कहाँ है?" बाई म्हणाली, लोनी. मीनाक्षी तिला सगळं सांगायला लागली, दहावी कुठली, बारावी कुठली, दाखला कधी काढायचा. बाईला समजेना, तिला वाटलं मुलीच्या आजाराबद्दलच काहीतरी वाईट सांगतायत. ती रडायला लागली. मागची रांग ओरडत होती. मी जाऊन मीनाक्षीच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती थांबली.

आता ती असं बरेचदा करते, असं मला देविकाच्या जागी आलेल्या इंटर्नकडून कळलं. काही लोक ऐकून घेतात. एकाने म्हणे नंतर येऊन आभारही मानले.

अबोलीने ऑप्टोमेट्रीला नाव घातलं. डोळे तपासण्याचा कोर्स, चार वर्षांचा, नोएडातच. त्याला नीटची परीक्षा लागत नव्हती. ॲडमिशनच्या दिवशी मीनाक्षी तिच्याबरोबर गेली. पिशवीत दहावीपासूनचं सगळं होतं, टीसी, टायफॉइडचे रिपोर्ट, भाडेकरार, लॅमिनेट केलेला दाखला. खिडकीवरच्या मुलीने बारावीची मार्कशीट घेतली, दोन फोटो घेतले, शिक्का मारला.

"और क्या लगेगा?" मीनाक्षीने विचारलं.

"बस, आंटी. हो गया."

"डोमिसाइल?"

"नहीं, वो नहीं चाहिए."

हे ती मला माझ्या घरी येऊन सांगत होती, गेल्या रविवारी. मी विचारलं, मग? ती म्हणाली, मग काही नाही. मी तिथेच उभी राहिले होते, मागचा मुलगा म्हणाला आंटी ज़रा साइड हो जाइए. अबोलीने हात धरून बाहेर आणलं. तिला भूक लागली होती. गेटसमोरच्या गाडीवर छोले-कुलचे खाल्ले. तिने दोन प्लेटी खाल्ल्या, ताई. मी बघत होते. ती म्हणाली, आई, तू पण खा ना, गार होतंय.